दोन टाक्या हवा

कोंबडी काही केल्या उठेना.

ताडपत्री ओढून मी कंप्रेसर उघडा केला, तर इंजिन आणि पट्ट्याची जाळी यांच्यामधल्या खबदाडीत ती पिसं फुलवून बसलेली. मी हुसकावायला हात पुढे केला, तर माझ्याच मनगटावर चोच मारली.

"तिका हात लावू नकात," मागून तात्यांचा आवाज आला. "अजून चार दिस. पिला भायर आली काय मशीन तुमचा."

"तात्या, मी आलोयच चार दिवसांसाठी."

"मगे आठ दिस रवा. जेवणाची सोय असा."

एवढं बोलून ते आत गेले. मी कोंबडीकडे बघत उभा राहिलो, आणि मग नाइलाजाने दुसऱ्या बाजूने काम सुरू केलं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा एक्कावन्नचा होतो. मी चौगुले, मूळचा इचलकरंजीचा, सूतगिरणीत कंप्रेसर शिकलो, मग मुंबईला पाण्याखालची कामं करणाऱ्या एका कंपनीत लागलो. धक्क्यांचे खांब, बोटींचे पंखे, बुडालेल्या साखळ्या. अकरा वर्षं पाठीवर टाकी बांधून पाण्यात उतरलो. ती कंपनी बंद पडली आणि पुन्हा पाण्यात बोलावणारं कोणी उरलं नाही. त्यानंतर गावोगाव फिरून कंप्रेसर दुरुस्त करायचे, एवढंच. बर्फाचे कारखाने, दातांचे डॉक्टर, पंक्चरवाले. बिऱ्हाड म्हणायचं तर एक ट्रंक आणि दोन अवजारपेट्या.

लवू तारी यांना माझा नंबर कुडाळच्या एका बर्फवाल्याने दिला होता. मालवणच्या दक्षिणेला खाडीपलीकडे त्यांची वाडी. सत्तरीचे, आयुष्यभर मासेमारी केलेले, सगळे त्यांना तात्या म्हणत. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं की पाण्याखाली जायच्या टाक्या भरायचं जुनं मशीन घेतलंय, तेवढं चालू करून द्या. त्या वर्षांत किनाऱ्यावर जो तो पर्यटकांना पाण्याखाली न्यायचा धंदा काढत होता. यांनीही काढला असेल, असं मी धरून चाललो.

घरात ते एकटेच. भिंतीवर दोन फोटो होते, एक बाईंचा आणि एक तिशीतल्या पुरुषाचा. दोन्हींना हार. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला पडवीत खाट दिली. सकाळी पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा, दुपारी भात-आमटी. जेवताना आम्ही वाऱ्याबद्दल बोलायचो आणि कोंबडीबद्दल. त्या घरी शेजारपाजारचं कोणी फिरकत नसे. एक जाकी सोडून. जाकी म्हणजे जोकिम फर्नांडिस, तात्यांचा जुना सोबती, अजून स्वतःची होडी चालवणारा. तो संध्याकाळी यायचा, पायरीवर बसायचा, एक विडी संपेपर्यंत गप्प राहायचा आणि निघून जायचा.

मशीनची अवस्था वाईट होती. ज्या कोणाचं होतं, त्याने दोन पावसाळे ते नुसत्या झावळ्यांच्या मांडवात टाकलेलं. फिल्टरची नळकांडी उघडली तर आतला कोळसा ओला, काळ्या चिखलासारखा. तेल काढलं तर त्याला करपल्याचा वास. कोणीतरी साधं गाडीचं तेल घातलेलं. हवा आत ओढायची लांब नळी गायबच होती. म्हणजे इंजिन जिथे धूर सोडतं, तिथूनच हातभर अंतरावर मशीन श्वास घेत होतं.

"ह्याची हवा घेऊन माणसं पाण्यात जात होती?" मी तात्यांना विचारलं.

"जात असतली. हवा ती हवा."

"नाही तात्या. ही हवा टायरात भरायची नाही, माणसाच्या छातीत भरायची आहे. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. वर चिमूटभर असला तर डोकं दुखेल. दहा वाव पाण्यात, म्हणजे साठ फुटांवर, तोच जवळजवळ तिप्पट लागतो. माणूस खाली झोपतो आणि उठत नाही."

"दहा वाव," तात्या म्हणाले. बाकीचं त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

पाचव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. तात्यांनी कोंबडीला हाऱ्यात घालून स्वयंपाकघरात नेलं, आणि मला पूर्ण मशीन मिळालं. तिन्ही टप्प्यांच्या झडपा काढून घासल्या. एक चिरलेली होती, ती मुंबईहून मागवली. दाब वाढला की हवा सोडून देणारे सुरक्षा-व्हॉल्व्ह एकेक करून तपासले. एक गंजून घट्ट बसलेला. तो तसाच राहिला असता, तर मशीन कधीतरी बाँबसारखं फुटलं असतं. टाक्या भरायचा रबरी पाइप बदलला. आतली सगळी नळी धुऊन योग्य तेल घातलं, नवा फिल्टर बसवला. मशीनसोबत आलेल्या दोन्ही टाक्या दाबचाचणीसाठी कोल्हापूरला पाठवल्या. तात्या बाजूला बसून बघत राहायचे. मध्येच विचारायचे, "आज होतला?"

"आज नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही."

एका दुपारी नवी लांब नळी घेऊन मी ती समुद्राच्या बाजूच्या माडाला उंच बांधली. वारा समुद्रावरून येत होता, इंजिनाचा धूर मागे डोंगराकडे जात होता. मला समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन तासभर चालवलं, हवेच्या झोतासमोर पांढरं फडकं धरलं. तेलाचा ठिपका नाही, पाण्याचा डाग नाही. मग तपासणीच्या बाटलीत हवेचा नमुना भरला आणि पुण्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवला.

"आता काय रवला?" तात्यांनी विचारलं.

"कागद यायचा राहिला. कागद आल्याशिवाय टाकी भरणार नाही."

"फडक्यार डाग नाय म्हणालात मां?"

"फडक्याला वास नसलेलं विष दिसत नाही."

आठ दिवस गेले. मी चार दिवसांसाठी आलेला माणूस. पण माझी वाट बघणारं कुठे काही नव्हतं, म्हणून राहिलो. तात्यांचं जाळं शिवून दिलं, पंप दुरुस्त केला. टाक्या कोल्हापूरहून छाप मारून परत आल्या. नवव्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. हवा नापास. धुरातला तो वायू मर्यादेच्या कितीतरी वर होता.

मी तात्यांना सांगितलं. त्या दिवशी जाकी आला तेव्हा ते पायरीवर गेलेही नाहीत.

सकाळी मला जाग आली ती मशीनच्या आवाजाने. नुकतं उजाडत होतं. धावत मागे गेलो तर तात्या उकिडवे बसलेले, पाइप टाकीला जोडलेला, काटा शंभराच्या वर गेलेला. माझं बघून बघून ते सगळं शिकले होते. मी इंजिन बंद केलं, पाइप सोडवला आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. हवा फुत्कारत बाहेर पडू लागली.

तात्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारा असला तरी दोर ओढलेला हात होता.

"सोडू नकात! माका एकच टाकी व्हयी. एकच!"

"ही हवा घेऊन कोण जाणार आहे?"

"मी."

"तुम्ही?"

"ल्हान असताना सात वाव बुडी मारून खडकावरचे शिनाणे काढी होतंय. माका दर्याचा भय नाय."

"तात्या, ह्या हवेने तुम्ही वर येणार नाही."

"नाय येव. पण बघून तर जातलंय!"

टाकी रिकामी झाली. फुत्कार थांबला तशी त्यांची पकडही सुटली. ते तिथेच ओल्या मातीवर बसले. मीही बसलो.

"तुम्हाला धंदा करायचा नाहीये," मी म्हणालो. "मास्क नाही, बोट नाही. दोनच टाक्या. काय बघायचंय खाली?"

त्यांनी सांगितलं, समुद्राकडे बघत, तुटक तुटक.

फोटोतला पुरुष त्यांचा मुलगा, रुपेश. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. खलाशाला ताप आला म्हणून तो एकटाच होडी घेऊन गेला होता. आठवडाभर कोणालाच मासळी नव्हती. दुपारी त्याचा फोन आला की काही लागत नाही, परत येतो. तात्यांचं डोकं फिरलेलं होतं. त्यांनी म्हटलं, "रिकाम्या हातान येव नको," आणि फोन ठेवला. चारच्या सुमारास वारं उठलं. बाकीच्या होड्या आल्या. रुपेश चौथ्या दिवशी खाडीच्या मुखाशी सापडला. होडी कळली ती दोन वर्षांनी, जाकीचं जाळं तिच्यात अडकलं तेव्हा. किनाऱ्यापासून दूर, दहा वाव पाण्यात ती सरळ बसली आहे.

"तेच्या आवशीन माका रोज इचारल्यान," फोटोतल्या बाईंबद्दल तात्या म्हणाले. "फोनार काय बोललो पोर? मी म्हणा होतंय, काय नाय, येतंय म्हणालो. ती तसाच समजान गेली."

"आणि खाली काय बघायचंय?"

"नांगर. वारा उठायच्या आधी तेना नांगर उचलून नाळीर घेतल्यान असलो, तर तो घराक येत होतो. माझा ऐकूक नाय. नांगर पाण्यात असलो..." ते थांबले. "नांगर पाण्यात असलो, तर माझो शब्द पाळीत बसलो होतो."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. नांगर वर घेतला की तिथेच ठेवतात.

"इथे पर्यटकांना नेणारी पोरं आहेत. त्यांना का नाही सांगितलंत?"

"इचारलंय. तुटक्या जाळ्यांत कोण येयत? आणि कित्याक जा म्हणान सांगू? ती पोरा गावातली. तुमी जातल्यात निघून."

मी उठून आत गेलो, चूल पेटवली, चहा ठेवला. कप घेऊन मागे आलो तर तात्या तसेच बसलेले. पण त्यांची नजर आता घराच्या छपरावर होती.

"चौगुल्यांनू, चुलीचो धूर खंय जाता बघा."

मी वर पाहिलं. कौलांमधून निघणारा धूर सरळ समुद्राकडे वाकला होता. माझ्या नळीच्या दिशेने.

"सकाळचो वारो मतलय. जमिनीवरून दर्यात जाता. तुमी नळी बांधल्यात दुपारी, खाऱ्या वाऱ्यार. आणि मशीन चालवल्यात सकाळी." ते पहिल्यांदाच किंचित हसले. "मशीनाचो धूर मशीनच पिता."

तीस वर्षं कंप्रेसरवर काम केलेला मी. कान गरम झाले माझे.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सगळं पुन्हा केलं. इंजिनाच्या धुराला लांब लोखंडी पाइप जोडून तो घराच्या कडेला नेला. हवेची नळी आणखी दोन पुरुष वर चढवली. धुरात भिजलेला फिल्टर फेकला, दुसरा घातला. मशीन फक्त दुपारी, खारा वारा नीट लागल्यावरच चालवायचं ठरलं. तात्या ओला अंगठा हवेत धरायचे आणि म्हणायचे, "आता." तेव्हाच मी इंजिनाची दोरी ओढायचो. दुसरा नमुना पुण्याला गेला.

वाट बघण्याचे ते दिवस वेगळे होते. तात्या आता "आज होतला?" असं विचारत नव्हते. मी ट्रंकेतून माझं जुनं सामान काढलं, श्वास घ्यायची मुखनळी उघडून तिचे रबर बदलले, कुडाळला जाऊन डॉक्टरांकडून कान आणि छाती तपासून घेतली. परत आल्यावर तात्यांना म्हटलं, "मी उतरेन. तुम्ही वर दोर धरायचा."

त्यांनी मान हलवली. नको म्हणाले नाहीत, आभारही मानले नाहीत.

दुसरा नमुना गेल्यापासून अकराव्या दिवशी कागद आला. हवा स्वच्छ. मी तो कागद दोनदा वाचला, तात्यांना वाचून दाखवला, आणि दुपारी दोन्ही टाक्या भरल्या. प्रत्येकीवर तारीख लिहिली आणि खाली माझी सही केली. कागद हातात असल्याशिवाय मी टाकीवर कधी सही केली नव्हती. आजवर नाही.

उतरायच्या आदल्या संध्याकाळी मी एका पुठ्ठ्यावर माहिती लिहीत होतो. कंपनीतली सवय. नाव, वय, किती खोल, किती वेळ. काही झालं तर कोणाला कळवायचं, त्या ओळीवर पेन्सिल थांबली.

तात्या वाचत होते. "हयसर तुमच्या माणसाचा नाव लिवा."

"नाही कोणी."

"भाव? भयण?"

"होता भाऊ. आता नाही."

"कोणच नाय?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या ओळीवर सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: लवू भिकाजी तारी.

सकाळचा मतलई वारा पडतो आणि खारा अजून सुटलेला नसतो, तेव्हा दहाच्या सुमारास समुद्र तेलासारखा असतो. जाकीने जीपीएस यंत्रावरची खूण बघून होडी थांबवली. मी दोघांना पुन्हा समजावलं. एक हिसका म्हणजे सगळं ठीक, चार हिसके म्हणजे ओढा. दुसरी टाकी दोराला बांधून तीन वाव खोल सोडून ठेवली, अडीअडचणीला. एकट्याने पाण्यात उतरू नये, हा पहिला नियम. तो मी त्या दिवशी मोडला, आणि मोडतोय हे मला माहीत होतं.

"नांगर बघायचा," मी म्हणालो. "बाकी कशाला हात लावणार नाही."

दोर तात्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता.

पाण्यात गेल्यावर पहिला श्वास घेतला. हवेला कसलाच वास नव्हता, चव नव्हती, घशात कोरडेपणा नव्हता. मी एक हिसका दिला आणि खाली निघालो.

आठ वर्षांनी पुन्हा तो आवाज, स्वतःच्याच श्वासाचा. हिरवट पाणी, चार-पाच हातांपुढे काही दिसत नाही. मग एकदम खालून होडी वर आल्यासारखी दिसली. तिच्या मागच्या अर्ध्या भागावर तुटक्या जाळ्यांचं पांघरूण होतं, त्यात मासे अडकून मेलेले, काही जिवंत. मी लांबून वळसा घेतला आणि नाळेकडे गेलो.

नाळ मोकळी होती. नांगर नव्हता.

खुंटाला दोर बांधलेला होता, व्यवस्थित, तीन फेरे आणि गाठ. त्यावर शेवाळ आणि कालवांची बारीक पिल्लं. दोर नाळेवरून खाली गेला होता. मी तो हाताने धरून पुढे सरकलो. चार वाव. मग तो संपला. टोकाशी नायलॉनचे पीळ सुटून केरसुणीसारखे पिंजले होते, आणि त्या प्रत्येक काडीवर शेवाळ.

दोर कापलेला नव्हता. ताणून ताणून तुटला होता. वारं उठलं तेव्हा होडी नांगरावर होती, आणि दोर तुटेपर्यंत नांगरावरच राहिली.

मी टोकापासून हातभर दोर सुरीने कापून कमरपट्ट्यात खोचला. तात्या दोर बघितल्याशिवाय माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, हे मला माहीत होतं.

वर येताना तीन वावांवर थांबायचं असतं, तीन मिनिटं, अंगात साठलेली हवा हळूहळू निघून जावी म्हणून. मी तिथे थांबलो. दुसरी टाकी बाजूला लोंबत होती. वर होडीचा तळ दिसत होता, आणि कडेवरून वाकलेली एक आकृती.

पहिल्या मिनिटात मी तो तुकडा हातात घेऊन बघितला. दुसऱ्या मिनिटात सुरी काढली. पिंजलेलं टोक एका फटक्यात सुटलं. मी ते सोडून दिलं. ते गिरक्या घेत खाली गेलं, हिरव्या पाण्यात दिसेनासं झालं. तिसरं मिनिट नुसतं श्वास घेण्यात गेलं.

वर आलो. जाकीने टाकी ओढून घेतली, मला काखेत धरून आत घेतलं. मी मास्क काढला. तात्या माझ्याकडे वाकले.

"नांगर नाळेवर नाही," मी म्हणालो. त्यांचा चेहरा हलला नाही. "पण नांगराचा दोर कापलेला आहे. सुरीने."

मी तुकडा त्यांच्या हातात दिला.

"कापलेलो?"

"हो. नांगर वर घ्यायला वेळ नसेल. दोर कापून निघाला असेल."

तात्यांनी तुकडा मांडीवर ठेवला. अंगठ्याने शेवाळ पुसलं. एक टोक बघितलं. मग फिरवून दुसरं बघितलं. मीही तेव्हाच बघितलं. पाच वर्षांचा दोर बाहेरून काळा-हिरवा झालेला. पण दोन्ही टोकांशी आतला नायलॉन पांढराशुभ्र होता. दोन्ही सारखीच. आत्ता कापलेली.

पन्नास वर्षं त्यांनी दोर हाताळले होते.

जाकीने एकदा तुकड्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून किनाऱ्याकडे बघत बसला.

"खंयचा टोक रुपेशचा?" तात्यांनी विचारलं.

मी एका टोकावर बोट ठेवलं. कुठलं, ते मलाही खात्रीने सांगता आलं नसतं.

त्यांनी ते टोक मुठीत घेतलं. तशीच मूठ आवळून ते बसले. होडी हळूहळू फिरत होती. खारा वारा सुटायला लागला, पाण्यावर बारीक सुरकुत्या आल्या. मग ते म्हणाले, अगदी हळू, ना माझ्याकडे बघत ना पाण्याकडे:

"बरा केलंस."

जाकीने इंजिन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. कंप्रेसर तात्यांनी मच्छीमारांच्या सोसायटीला देऊन टाकला. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की सोसायटीची दोन शिकलेली माणसं टाकी बांधून उतरू लागली. पुढे नऊ वर्षं, दर दिवाळीनंतर, मी फिल्टर बदलायला आणि हवेचा नमुना घ्यायला तिथे जात राहिलो. उतरायचो तात्यांच्याच पडवीत. सकाळी पेज, सुका बांगडा, वाऱ्याच्या गोष्टी. त्या दोराबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

त्या बाजूची माणसं जवळच्याला चार दिवसांत अरे-तुरे करू लागतात. होडीतलं ते 'केलंस' कोणाला होतं, हे मी कधी विचारलं नाही; तात्या गेले त्या वर्षापर्यंत मला 'तुमी'च म्हणत राहिले.